वरच्या आकड्यातले दहा

एआयएसचा डबा माझ्या हातात होता, हे आधीच सांगून टाकतो. नंतर कोणी म्हणायला नको की बिचाऱ्याला माहीतच नव्हतं. चांगलं माहीत होतं. दुकानदाराने खोकं फोडून, प्लास्टिक फाडून तो माझ्या हातात दिला, मी उलटासुलटा करून पाहिला आणि काउंटरवर परत ठेवला. बिचारा वगैरे मी नाही.

बोट आम्हा दोघा भावांची. चाळीस-पन्नास मैल आत जाऊन मासे धरणारी. मी थोरला, धाकटा माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान. वडील गेले तेव्हा तो दहावीत होता, म्हणजे त्याला बोटीवर चढवला तो मीच, गाठ मारायला शिकवली ती मीच, आणि चुकला की कानाखाली वाजवायचोही मीच. सत्तेचाळीस वर्षांचा झाला तरी मला विचारल्याशिवाय साधी दोरी विकत घ्यायचा नाही. लोक म्हणायचे, काय भाऊ मिळालाय. मला त्याचं फार कौतुक वाटायचं. तेव्हा वाटायचं.

त्या वर्षी बोटीवरची सगळीच यंत्रं एकदम म्हातारी झाली. जीपीएसचा पडदा अर्धा काळा पडला होता, वायरलेसमधून माणसाऐवजी तळणीचा आवाज यायचा, आणि तळ दाखवणारं यंत्र तर तीस वाव खोल पाण्यातही आपण वाळूवर उभे आहोत असं सांगायचं. धाकटा म्हणाला, दादा, आता दुरुस्ती पुरे, एकदाच काय ते नवीन घेऊ. म्हणून आम्ही दोघं दुकानात गेलो.

दुकान अरुंद, लांबुळकं. दोन्ही भिंतींवर खालपासून वरपर्यंत पडदे, सगळे चालू, आणि सगळ्यांवर तोच तळ, त्याच जागी तोच माशांचा थवा. गिऱ्हाईकाला दाखवायला आत भरून ठेवलेला. मी दुकानदाराला म्हटलं, एवढा मासा इथंच असताना आम्ही उगाच आत कशाला जातो? तो हसला. माणूस चांगला होता, आपल्या मालाबद्दल मनापासून बोलणारा. दोन तास त्याने आम्हाला एकेक यंत्र समजावून दिलं. मासा शोधणारं मोठ्या पडद्याचं यंत्र मला पाहताक्षणी आवडलं. बोटीच्या तळाला बसवायचा त्याचा डोळा माझ्या पंजाएवढा होता. खडक कुठला, चिखल कुठला, मासा तळाला चिकटलाय की वर तरंगतोय, सगळं वेगवेगळ्या रंगांत.

"काका," दुकानदार म्हणाला, "माशाला बघणारं घेतलंत. आता तुम्हाला कोणीतरी बघेल असंही काहीतरी घ्या." आणि त्याने तो डबा काढला.

हाच तो एआयएसचा डबा, जेवणाच्या डब्याएवढाच. दर काही सेकंदांनी बोटीचं नाव आणि बोटीची जागा हवेत सोडायची, एवढंच त्याचं काम. आसपासच्या सगळ्या बोटींना, जहाजांना त्यांच्या पडद्यावर तुम्ही दिसता. धुक्यात कोणी अंगावर येत नाही, आणि काही बरंवाईट झालं तर शेवटचे कुठं होतात ते दहा जणांकडे नोंदलेलं असतं.

"दहा जणांकडे," मी म्हटलं. "म्हणजे टकल्याकडेही."

"टकल्या कोण?" दुकानदाराने विचारलं.

"आमचा तिसरा भाऊ समजा," धाकटा म्हणाला. "आमच्यावाचून त्याचा एक दिवस जात नाही."

टकल्या म्हणजे आमच्याच बंदरातल्या निळ्या बोटीचा मालक. वीस वर्षं तो आमच्या मागावर होता. कारण आमच्याकडे खडक होता. पाण्याखालचा, कुठल्याच नकाशावर नसलेला, आमच्या वडिलांनी दोरीला शिसं बांधून शोधलेला. सगळ्यांची जाळी रिकामी आली तरी आमची भरून यायची ती त्या खडकामुळे. टकल्या वायरलेसला कान लावून बसायचा, आमच्यातला जो बोटीवर असेल त्याने किनाऱ्यावरच्याला जागा सांगितली की तिकडे बोट हाणायचा. म्हणून आम्ही दोघांनी एक युक्ती काढली होती.

जीपीएसवर दोन आकडे असतात, एक वर, एक खाली. वरचा आकडा एकने वाढला की तुम्ही उत्तरेला एक मैल सरकलात. आम्ही वायरलेसवर वरचा आकडा नेहमी दहाने वाढवून सांगायचो. खडक बेचाळीसवर, आम्ही म्हणायचो बावन्न. ऐकणाऱ्याने मनात दहा वजा करायचे. बस. टकल्याने बावन्नवर जाऊन किती वेळा पाण्यात तोंड पाहिलं असेल, देव जाणे. किनाऱ्यावर आल्यावर त्याचा चेहरा बघून आम्ही दोघं गालातल्या गालात हसायचो. वीस वर्षं हे चाललं. इतकं अंगवळणी पडलं होतं की दहा मिळवताना आणि वजा करताना आम्हाला ते कळतही नव्हतं. आमच्या वायरलेसवर खरा आकडा असा नव्हताच.

आता हा डबा खरा आकडा चोवीस तास बोंबलत सुटणार. वीस वर्षांची मेहनत पाण्यात.

"ती म्हणत होती," धाकटा जरा दबकत म्हणाला. ती म्हणजे त्याची बायको. "म्हणत होती, असं काहीतरी घ्या की तुम्ही कुठं आहात ते कळेल. मला नाही कळलं तरी चालेल, पण कोणाला तरी कळू दे."

"तिला सांग," मी म्हटलं, "बोट सासरी पाठवलेली लेक नाही, रोज खुशाली कळवायला."

 दुकानदाराने मग दुसरी वस्तू काढली, पिवळी, बाटलीएवढी. बीकन. ही तर काका बंदच असते, म्हणाला, कोणालाच काही सांगत नाही, बोट बुडून हिला पाणी लागलं तरच आपोआप बोलायला लागते आणि थेट बचाव दलाला जागा कळवते. फक्त आधी ऑफिसात बोटीची नोंद करावी लागते. नोंद म्हटल्यावर माझ्या कपाळावर आठी. आज बोटीचं नाव विचारतील, उद्या कुठं धरता ते विचारतील.

"बुडल्यावर बोलून काय करायचंय?" मी म्हटलं. "तेव्हा आम्ही माशांना बघणार नाही, मासे आम्हाला बघतील."

तिघंही हसलो. धाकटा सगळ्यात मोठ्याने हसला. त्या हसण्यावर मी व्यवहार मिटवून टाकला. मासा शोधणारं मोठं यंत्र, नवा जीपीएस, आणि वायरलेस मात्र सगळ्यात ताकदवान, घरासाठी दुसरा सेट आणि छपरावर उंच अँटेना. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं, दोन महिने घरी बसायचं होतं. मी म्हटलं, डबे कशाला पाहिजेत, मी आहे ना किनाऱ्यावर. मी ऐकत बसतो.

रस्त्यावर आल्यावर धाकट्याने पुन्हा एकदा धीर केला. "दादा, त्या एआयएसला बंद करायचं बटण असतं. खडकावर गेलो की बंद करू. बाकी वेळ चालू."

"बटण आहे म्हणजे कधीतरी दाबायचं राहणार."

"बरं," तो म्हणाला, आणि खोकी उचलून गाडीत ठेवायला लागला. एवढाच आमचा वाद. लोकांच्या घरात टीव्हीच्या रिमोटवरून यापेक्षा जास्त होतात.

यंत्रं बसवायला चार दिवस लागले. हे काम धाकट्याने आणि आमच्या इंजिनवाल्याने केलं. इंजिनवाल्याला सगळे ग्रीस म्हणतात, कारण त्याच्या हाताचा मूळ रंग त्याच्या आईशिवाय कोणी पाहिलेला नाही. मी ऑपरेशन झालेला गुडघा बांधून घरी खुर्चीवर, फोनवरून नुसतं तोंड चालवत. ती तार तिथून नको, हा स्क्रू असा नको. नवा पडदा लागला तेव्हा धाकट्याने मला व्हिडिओ काढून पाठवला. बंदराचा चिखल लाल-पिवळा दिसत होता. त्याखाली लिहिलं होतं, दादा, आता खडक बघायचाय.

त्या आठवड्यात जाळी दुरुस्तीला गेलेली, माणसं सुट्टीवर. हवा छान होती. धाकटा म्हणाला, मी आणि ग्रीस दोघंच जाऊन यंत्र तपासून येतो, खडकाचा नीट नकाशा काढून आणतो. मी म्हटलं, जा.

सकाळी सहाला त्याचा आवाज आला, अगदी शेजारच्या खोलीतून बोलल्यासारखा. "दादा, बावन्नवर आहे. यंत्र काय सांगू तुला, आतला दगड न् दगड दिसतोय." मी मनात दहा वजा केले. बेचाळीस. खडकावर पोचला. मी चहा घेतला.

दहा वाजायला वीस मिनिटं होती. मी पाय स्टुलावर टाकून बसलो होतो, खिडकीत सेट. नेहमीच्या चॅनलवर नाही, संकटाच्या चॅनलवर त्याचा आवाज आला. ओरडत नव्हता. भराभर बोलत होता. "कोणी ऐकत असेल तर, बोट भरतेय. काहीतरी आदळलं, पुढून फुटली. दोघं आहोत. वरचा एक्कावन्न. एक्कावन्न." मग खालचा आकडा अर्धाच आला, आणि आवाज बंद.

मी बटण दाबून ओरडत राहिलो. काही नाही. मग बचाव दलाला फोन लावला. ड्यूटीवर एक बाई होत्या, तरुण आवाज, शांत. त्यांनीही ऐकलं होतं. "हो काका, एक्कावन्न. आम्ही विमान काढतोय."

"एक्कावन्न नाही," मी म्हटलं. "एक्केचाळीस."

"रेकॉर्डिंगमध्ये स्पष्ट एक्कावन्न आहे."

"तो एक्कावन्न म्हणाला की एक्केचाळीस असतं." आणि मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. टकल्या, खडक, दहा वाढवून सांगणं. खडक बेचाळीसवर, सकाळी तो तिथंच होता, एक्केचाळीस म्हणजे खडकाच्या दाराशी. सगळं बरोब्बर जुळत होतं. आणि खरं सांगतो, माझी जीभ जळो, पण त्या बाईंना ते सांगताना मला थोडी शेखीसुद्धा वाटली. बघा, तुम्ही एवढी शिकलेली माणसं, तुम्हाला कळलं नाही, मला कळलं.

बाई म्हणाल्या, "काका, माझ्याकडे या घडीला विमान एकच आहे. प्रवाह दक्षिणेला आहे, म्हणजे एक्केचाळीसवरून आम्ही आणखी खाली खाली शोधत जाणार. तुमची खात्री आहे ना?"

"माझा भाऊ आहे तो," मी म्हटलं. "मी ओळखतो त्याला."

फोन ठेवतोय तोच सेटवर टकल्या आला. त्यानेही ऐकलं होतं. "थोरले, मी बाहेरच आहे. एक्कावन्नवर निघालो." मी त्याला थांबवलं. वीस वर्षं ज्याच्यापासून लपवला तो आकडा मी त्याला स्वतःच्या तोंडाने सांगितला. तो एवढंच म्हणाला, "निघालो," आणि बोट वळवली. त्या वेळी तो एक्कावन्नपासून जेमतेम सात मैलांवर होता. मला हे नंतर कळलं.

भावजय धावत आली तेव्हा तिचे हात कोपरापर्यंत ओले होते, धुणं टाकून आलेली. मी तिला सांगितलं, जागा कळलीय, मी सांगितलीय, विमान निघालंय. ती माझ्या खुर्चीशेजारी खालीच बसली. "तुम्ही ऐकत होतात म्हणून बरं झालं, भाऊजी," म्हणाली. त्यांची मुलगी कॉलेजातून आली, ती आईला टेकून बसली. दिवसभर आम्ही तिघं त्या सेटकडे बघत बसलो. दुपारी बाईंचा फोन, अजून काही नाही. संध्याकाळी फोन, काही नाही, उजेड गेला, सकाळी परत. टकल्या तिथंच थांबला. अर्ध्या अर्ध्या तासाने त्याचा आवाज यायचा, काही दिसत नाही थोरले, काही दिसत नाही. कुठं तेलाचा डाग नाही, लाकूड नाही, एक डबडं तरंगताना नाही.

तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकायला हवी होती. चुकचुकली. बोट बुडाली तर काहीतरी वर राहतंच, हे मला शेंबडा पोर असल्यापासून माहीत आहे. पण त्या पालीला मी गप्प बसवलं. कारण मी चुकलो असेन, तर हे तोंड उघडून आता सांगावं लागेल, आणि भावजय शेजारीच बसली होती. मी विचार केला, सकाळपर्यंत बघू. माझ्या भावाचा जीव टांगणीला आणि मी माझ्या तोंडाची काळजी करत बसलो.

सकाळी सातला मी बाईंना फोन केलाच. बाथरूममध्ये जाऊन, नळ सोडून. म्हटलं, एक्कावन्नवरही बघता का. त्या म्हणाल्या, विमान आता तिकडेच वळवतोय, काका. विमान पोचायच्या आधीच एका मालवाहू जहाजाला पाण्यात एक माणूस दिसला. अठ्ठेचाळीसवर. एक्कावन्नवरून रात्रभर प्रवाहाने खाली आला तर जिथं असेल, नेमका तिथं. रिकाम्या तेलाच्या पिंपाला धरून होता. ग्रीस. एकटा.

इस्पितळात जाताना गाडीत भावजय रडत नव्हती. रागाने तिचा आवाज कापत होता. "एक्कावन्न म्हणाले ते. मुलीने त्या बाईंकडून रेकॉर्डिंग ऐकलं. एवढं स्पष्ट सांगितलं तरी दहा मैल खाली शोधत बसले हे लोक. मी सोडणार नाही त्यांना, भाऊजी. लेखी तक्रार करणार. तुम्ही ऐकलंत स्वतः, तुमची सही लागेल."

"हं," मी म्हटलं. एवढंच. गाडीत दुसरं कोणी नव्हतं, सांगायला वीस मिनिटं होती, आणि मी हं म्हटलं.

ग्रीस पलंगावर होता. तोंडाची कातडी सोललेली, ओठ फुटून सुजलेले, हात मात्र मिठाने धुऊन पांढरेफटक. ते हात मी पहिल्यांदाच पाहिले. भावजय त्याच्या उशाशी स्टूल ओढून बसली, मी पायाशी उभा राहिलो, काठीवर. ती म्हणाली, सगळं सांग. काही गाळू नकोस.

त्याने सांगितलं. थांबत थांबत. खडकाचा नकाशा काढून झाला तसं धाकटा म्हणाला, यंत्र चालूच आहे तर खडकाची शेपटी उत्तरेला कुठवर जाते ते बघू, दादाला दुसरा खडक देऊ शोधून. मग दोघं हळूहळू वर वर गेले. डोळे पडद्यावर. समोर पाण्यात अर्धवट बुडालेला ओंडका होता की काय होतं, कोणी पाहिलंच नाही. दहा मिनिटांत बोट गेली. पिंप धरून दोघं तरंगत राहिले.

"घाबरला नव्हता तो," ग्रीस म्हणाला. "म्हणायचा, दादाने ऐकलंय, तासाभरात येतील बघ. दुपारी विमान दिसलंही. लांब, खाली दक्षिणेला, माशीएवढं. जायचं, वळायचं, परत यायचं. आम्ही शर्ट काढून हलवला. मी म्हटलं, ते तिकडे काय शोधतायत? तो खूप वेळ विमानाकडे बघत राहिला. आणि मग हसायला लागला. पाणी गेलं तोंडात, इतका हसला. म्हणाला, दादाने दहा वजा केले रे."

"मग?" भावजयीने विचारलं.

"मग काही नाही. नंतर फारसा बोललाच नाही. उजाडायच्या आधी हात सुटला त्याचा. मी धरायला गेलो, वहिनी, खरंच गेलो."

भावजयीने त्याच्या हातावर हात ठेवला. मग मान वळवून माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता तिच्या डोळ्यांत. तिला नुसतं कळलं नव्हतं.

"दहा काय वजा केले, भाऊजी?"

मी सांगितलं. उभ्या उभ्याच सांगितलं. टकल्या, खडक, बावन्न म्हणजे बेचाळीस. त्या बाईंचं म्हणणं बरोबर होतं आणि मीच त्यांना दुसरीकडे धाडलं, आणि टकल्या तिकडेच निघाला होता त्यालाही मीच वळवलं. दुकानातला डबाही सांगितला.  माझं संपल्यावर तिने पदराने तोंड पुसलं.

"म्हणजे ते खरं सांगत होते."

"हो."

"आणि तुम्ही ते खोटं धरलंत."

"हो."

"ते तुमच्याशी कधी खोटं बोलले होते का, भाऊजी? एकदा तरी?"

मी खूप आठवून पाहिलं. लहानपणापासून सगळं. ती थांबली होती, ग्रीसही माझ्याकडे बघत होता.

"नाही," मी म्हटलं. "माझ्याशी कधीच नाही."